बदल करा, पण पायऱ्या ठेवा



रात्री फोन चार्जिंगला लावून झोपावं आणि सकाळी उठल्यावर ओळखीचं बटण जागेवर नसावं, हा अनुभव आता घरोघरी येतो. बँकेचं अ‍ॅप असो, विजेचं बिल भरायचं पान असो की नातवंडांचे फोटो ठेवायची जागा असो. "काल तर इथेच होतं!" हे वाक्य प्रत्येक घरात महिन्यातून एकदा तरी ऐकू येतं. बहुतेक वेळा ते आजी-आजोबा म्हणतात आणि घरातली तरुण मंडळी हसून "अपडेट झालंय" एवढंच उत्तर देतात.

या वेळी मात्र हसणाऱ्यांच्या बाजूची मीच "काल तर इथेच होतं" म्हणत बसले होते. आमच्या कामाचा एडिटर बदलला.

एडिटर म्हणजे काय, हे आधी सांगते. आमच्या काशीत एडिटर म्हटलं की जुन्या माणसांना बाबूराव विष्णु पराडकर आठवतात. बनारसच्या मराठी घरात १८८३ मध्ये जन्मलेले पराडकर १९२० मध्ये सुरू झालेल्या 'आज' या हिंदी दैनिकाचे दीर्घकाळ संपादक होते. 'राष्ट्रपती' हा शब्द रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. मी बोलतेय तो एडिटर माणूस नाही. संकेतस्थळावर लेख चढवण्यासाठी जी पाटी समोर उघडते, जिच्यात आपण मजकूर टाइप करतो, फोटो लावतो, मथळा ठळक करतो, तिला एडिटर म्हणतात. माणूस-एडिटरशी वाद घालता येतो, हात जोडता येतात, चहा पाजता येतो. या एडिटरपुढे यातलं काहीच चालत नाही.

मी राजा घाटाच्या वरच्या गल्लीत राहते आणि घरूनच काम करते. मी ज्यांच्यासाठी लिहिते त्या संकेतस्थळाचा जुना एडिटर अगदी साधा होता. एक मोठा पांढरा चौकोन आणि वर बटणांची एक ओळ. ठळक, तिरपं, लिंक, फोटो, संपलं. एका सोमवारी सकाळी लॉगिन केलं तर बटणांची ओळ गायब. पांढऱ्या पानावर एक अधिकचं चिन्ह आणि "लिहायला सुरुवात करा" एवढीच सूचना. नव्या एडिटरमध्ये प्रत्येक परिच्छेद हा वेगळा डबा. एंटर दाबलं की नवा डबा. बटणं दिसायची, पण डब्यावर क्लिक केल्यावरच, आणि तीही नेमकी वरची ओळ झाकून. दोन डब्यांतून मिळून तीन वाक्यं निवडायची तर कधी वाक्यं निवडली जायची, कधी आख्खे डबे.

मराठीत लिहिणाऱ्यांची आणखी एक गंमत. आपल्या कीबोर्डवर शब्द पूर्ण होईपर्यंत त्याच्याखाली रेघ असते, म्हणजे शब्द अजून घडत असतो. त्याच क्षणी एडिटर मध्ये काहीतरी करायला गेला की शेवटचं अक्षर उडतं किंवा दुप्पट होतं. 'प्रसिद्ध' लिहायला गेले की 'प्रसिद्धद्ध'. इंग्रजीत लिहिणाऱ्या सहकाऱ्यांना हे दिसतच नव्हतं, त्यामुळे पहिले आठ दिवस त्यांना वाटलं की मीच घाई करते.

एरवी अर्ध्या तासात चढणारा लेख त्या आठवड्यात दोन तास घेत होता. आमच्या ग्रुपवर जी काही भाषा वापरली गेली, ती कौटुंबिक मासिकात छापण्यासारखी नाही. आमच्या शेजारीच नारद घाट आहे. त्या घाटावर जोडप्याने स्नान केलं तर भांडण होतं, अशी इथली समजूत आहे. आमची अख्खी टीम तिथे बुडी मारून आल्यासारखी वागत होती.

हे आधीही घडलंय

आपल्यालाच जमत नाही असं वाटायला लागलं की मी थोडी शोधाशोध करते. आपल्यासारखे किती लोक आहेत हे कळलं की बरं वाटतं. इथे तर अख्खं जगच सापडलं.

वर्डप्रेस हे संकेतस्थळ चालवण्याचं सर्वांत लोकप्रिय साधन. २०१८ मध्ये जगातली जवळपास एक-तृतीयांश संकेतस्थळं त्यावर चालत होती. ६ डिसेंबर २०१८ रोजी वर्डप्रेसची ५.० ही आवृत्ती आली आणि तिच्यासोबत नवा एडिटर. नाव गुटेनबर्ग, युरोपात छपाईचा कारखाना उभारणाऱ्या योहान्स गुटेनबर्गच्या आठवणीत. कल्पना तीच, परिच्छेदांचे आणि फोटोंचे वेगवेगळे डबे. तारीख नोव्हेंबरमधून दोनदा पुढे गेली होती आणि शेवटची तारीख जाहीर झाली ती अवघे काही दिवस आधी. तीही नाताळाच्या तोंडावर, जेव्हा ऑनलाइन दुकानांना श्वास घ्यायला फुरसत नसते. लोक भडकले. काहींनी तर जुना एडिटर कायम ठेवण्यासाठी 'क्लासिकप्रेस' नावाची वेगळी चूलच मांडली.

त्याआधी ऑक्टोबरमध्ये आणखी एक गोष्ट घडली होती. दृष्टिहीन आणि अपंग व्यक्तींना वर्डप्रेस नीट वापरता यावं म्हणून काम करणाऱ्या गटाच्या प्रमुख रियान रीटवेल्ड यांनी पद सोडलं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनावर अवलंबून असलेल्यांसाठी, माउस न वापरता फक्त कीबोर्डवर काम करणाऱ्यांसाठी नवा एडिटर तयार नव्हता, हे त्यांच्या गटाचं म्हणणं होतं. हे वाचल्यावर माझी दोन तासांची चिडचिड मला जरा लहान वाटली. मला उशीर होत होता. काहींसाठी दारच बंद झालं होतं.

विकिपीडियाची गोष्ट त्याहून जुनी. २०१३ च्या जुलैमध्ये इंग्रजी विकिपीडियावर नवा 'व्हिज्युअल एडिटर' सगळ्यांसाठी आपोआप सुरू झाला. हेतू चांगला होता, कंसांची आणि चिन्हांची किचकट भाषा न शिकता कुणालाही लेख सुधारता यावा. पण तो संथ होता, त्यात चुका होत्या, आणि वर्षानुवर्षं फुकट मेहनत करणाऱ्या जुन्या संपादकांचं काम अडू लागलं. त्यांनी आपसांत चर्चा केली आणि सप्टेंबरमध्ये तो आपोआप सुरू होणं थांबलं, ज्याला हवा त्याने निवडावा असं ठरलं. पुढे तो एडिटर सुधारला. आज नवा लेखक त्याच्यावर बोट ठेवतो, जुना आपल्या जुन्या पानावर लिहितो, आणि दोघांचं लिहिलेलं एकाच लेखात बसतं.

हाताला आठवतं

एवढा राग का येतो? बटण दोन इंच सरकलं तर माणसाने इतकं का चिडावं?

कारण रोजचं काम आपण डोक्याने करत नाही, हाताने करतो. अंधारात उठून दिव्याचं बटण दाबताना आपण विचार करतो का? पोळी लाटताना किती दाब द्यायचा हे कुणी मोजतं का? हात शिकलेला असतो, म्हणून डोकं दुसऱ्या कामाला मोकळं राहतं. लिहिताना ते दुसरं काम म्हणजे वाक्य. एडिटर बदलला की हात पुन्हा पहिलीत जातो आणि डोकं वाक्य सोडून बटण शोधायला लागतं. जाते ती निव्वळ दहा मिनिटं नाही, हातात आलेलं वाक्यही जातं.

आपल्या मराठी टायपिस्ट मंडळींना हे चांगलं ठाऊक आहे. सरकारी कचेऱ्यांत रेमिंग्टनच्या टाइपरायटरवर ज्यांची बोटं घडली, त्यांच्यापुढे आधी संगणक आला, मग कृतिदेव आणि श्रीलिपीसारखे फाँट आले, मग युनिकोड आलं. जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीऐवजी भलतीच चिन्हं दिसायची, म्हणून युनिकोडची गरज होतीच. पण युनिकोडच्या साधनांत कुणीतरी एक शहाणपणाची गोष्ट केली. रेमिंग्टनची मांडणीही ठेवली. आतलं यंत्र पूर्ण नवं, पण 'क' तिथेच जिथे तीस वर्षं होता. ज्यांना नवी इनस्क्रिप्ट मांडणी शिकायची होती त्यांनी शिकली, ज्यांची बोटं पक्की झाली होती त्यांचं कामही थांबलं नाही.

आत्याला काही सुचेना

माझी आत्या लग्न होऊन काशीत आली ती इथलीच झाली. दुर्गाघाटाकडे, जुन्या मराठी वस्तीत तिचं घर आहे. वय ६८, निवृत्त शिक्षिका. तीन-चार वर्षांपूर्वी ती टॅबवर लिहायला लागली. वाचकांचं लेखन घेणारं एक संकेतस्थळ आहे, तिथे ती दर एकादशीला एक आठवण लिहायची. वाड्यात मंगळागौर कशी जागवायचे, गंगेचं पाणी वाढलं की वरच्या मजल्यावर चूल कशी हलवायचे, थंडीत मलइयो आणायला सासरे किती लवकर उठायचे. वाचणारे फार नव्हते, पण इंदूरहून, बडोद्याहून, कुणीकुणी लिहायचं, "आमची आजीही काशीची."

तिच्या वहीत शेवटच्या पानावर पाच ओळी होत्या. एक, निळ्या पेन्सिलवर बोट. दोन, वरच्या पट्टीत नाव. तीन, खाली मजकूर. चार, फोटोसाठी डोंगराचं चित्र. पाच, हिरवं बटण. ही तिची गुरुकिल्ली.

मग एकादशा जायला लागल्या आणि आत्याचं काही येईना. विचारलं तर म्हणाली, "अगं, आता काही सुचत नाही बघ."

आत्याला सुचत नाही, हे मला पटेना. गेल्या रविवारी तिच्याकडे गेले आणि टॅब उघडायला लावला. त्या संकेतस्थळाचाही एडिटर बदललेला. निळी पेन्सिल नाही, डोंगराचं चित्र नाही, हिरवं बटण नाही. वहीतल्या पाचही ओळी एका रात्रीत रद्द. तिने दोनदा प्रयत्न केला होता. दुसऱ्या वेळी अख्खं पानभर लिहून झाल्यावर मागे जायचा बाण दाबला गेला आणि सगळं पुसलं गेलं. तिने कुणालाच सांगितलं नाही.

"मला वाटलं, माझंच डोकं आता चालत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला किती वेळा विचारायचं?"

मंडळी, माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी हानी ही आहे. मी चिडले, ग्रुपवर ओरडले, तंत्रज्ञांना चार मेल पाठवले, आणि दुप्पट होणाऱ्या अक्षराची दुरुस्ती झाली. वर्डप्रेसवाले, विकिपीडियावाले भांडू शकले कारण ते संख्येने मोठे होते आणि त्यांना भांडायची भाषा येत होती. आत्यासारखी माणसं भांडत नाहीत. ती स्वतःला दोष देतात आणि गप्प होतात. संकेतस्थळाच्या हिशोबात एक लेखिका कमी झाली, एवढीच नोंद झाली असेल. ती का थांबली, हे त्या हिशोबात कुठेच दिसत नाही.

त्या दिवशी आम्ही वहीचं नवं पान केलं. आता ती फोनच्या नोट्समध्ये लिहिते, तिथे काही पुसलं जात नाही, आणि पूर्ण झालं की उचलून नव्या एडिटरात ठेवते. नव्या पानावर सात ओळी आहेत, पाचाच्या जागी. "दोन वाढल्या," असं तिने लगेच मोजून दाखवलं.

घाटाकडून शिकावं असं

नवा एडिटर वाईटच असतो, असं मी म्हणणार नाही. दोन महिन्यांनी मलाच त्याचे फायदे दिसू लागले. जुन्या चौकोनात फोटो डावीकडे सरकवला तर मजकूर उजवीकडे सांडायचा. रेसिपीचा तक्ता करायचा तर तांत्रिक विभागातल्या दादांना विनवावं लागायचं. आता साहित्य एका डब्यात, कृती दुसऱ्या डब्यात, आणि दोन्हींची जागा बदलायची तर एका बाणाचं काम. फोनवर वाचणाऱ्यांना पानही नीट दिसतं. बदल हवाच होता.

प्रश्न तो कसा आणायचा याचा आहे, आणि त्याचं उत्तर माझ्या खिडकीखालीच आहे. राजा घाटाला पूर्वी अमृतराव घाट म्हणत. राघोबादादांचे दत्तकपुत्र अमृतराव पेशवे यांनी तो दगडात बांधून घेतला, असं सांगतात. पुढे नाव बदललं, वापरणारे बदलले. पायऱ्यांचं काम मात्र तेच राहिलं. काशीतल्या घाटांना इतक्या पायऱ्या का, हे पावसाळ्यात कळतं. गंगा चढायला लागली की स्नान, पूजा, नावांचे दोर, सगळं एकेक पायरी वर सरकतं. दशाश्वमेधावरची आरती खालची जागा बुडाली की वर येते, पाणी आणखी वाढलं की शेजारच्या छतावर होते. आरती चुकत नाही. पाण्याला कुणी अडवत नाही, पण वर चढायला प्रत्येक उंचीवर पाय ठेवायला जागा आहे.

आपल्या पडद्यांवरचे बदल बहुतेक वेळा पायऱ्या न ठेवता येतात. काल घाट होता, आज भिंत.

बदल करणाऱ्यांना चार विनंत्या

जुनं आणि नवं काही महिने शेजारी ठेवा. वर्डप्रेसने शेवटी हेच केलं. जुना एडिटर वेगळा जोडता येईल अशी सोय ठेवली. ती २०२१ अखेरपर्यंतच सांभाळू असं म्हटलं होतं, पण पुढे मुदत वाढवावी लागली, कारण पन्नास लाखांहून अधिक संकेतस्थळांवर ती सुरू होती.

तारीख आधी सांगा, आणि ती लोकांच्या गडबडीच्या दिवसांत ठेवू नका. दिवाळी अंकाच्या आठवड्यात एडिटर बदलणं म्हणजे पंगत बसल्यावर चूल हलवणं.

मराठीत लिहून बघा. जोडाक्षरं, रफार, अनुस्वार, बोलून टाइप करणं, स्वस्तातला फोन, हे सगळं तपासा. 'टेस्ट' हा एकच शब्द टाइप करून मराठी तपासली जात नाही.

आणि अर्धवट लिहिलेलं कधीही पुसू नका. बाकी सगळी गैरसोय माणूस सहन करतो. लिहिलेलं गेलं की हिंमत जाते.

आणि आपल्याला काय करता येईल?

लांब मजकूर थेट एडिटरमध्ये लिहू नका. नोट्समध्ये किंवा स्वतःलाच पाठवलेल्या संदेशात लिहा आणि मग चिकटवा. एडिटर कितीही बदलले तरी तुमचं लेखन तुमच्याकडे राहील.

नवं सगळं एका दिवसात शिकायला जाऊ नका. पहिल्या दिवशी फक्त मजकूर. दुसऱ्या दिवशी फोटो. ज्या दोन-तीन गोष्टी रोज लागतात त्याच वहीत लिहून ठेवा. वही जुनाट वाटेल, पण वहीत अपडेट येत नाही.

तक्रार करा, आणि नेमकी करा. "तुमचं नवं काही चालत नाही" या वाक्याने कुणाला काही समजत नाही. कोणता फोन, काय टाइप केलं, काय दिसलं, हे तीन ओळींत लिहा आणि पडद्याचा फोटो जोडा. माझ्या 'प्रसिद्धद्ध'ची दुरुस्ती अशाच फोटोमुळे झाली, त्याआधीचे रागाचे तीन मेल कुणी उघडले की नाही कोण जाणे.

शेवटचं घरातल्या तरुण मंडळींसाठी. घरात कुणी रोज काही लिहीत असेल, फोटो पाठवत असेल, ऑनलाइन बिल भरत असेल आणि अचानक थांबलं असेल, तर "का हो, थांबलात का?" एवढंच विचारून सोडू नका. "सुचत नाही", "कंटाळा आला", "आता काय करायचंय" अशी उत्तरं मिळतील. फोन हातात घ्या, शेजारी बसा आणि म्हणा, "कसं करता ते मला दाखवा बरं." मग कुठे अडलंय ते त्यांचं बोटच दाखवेल.